औषधी गांजा: कायदा काय सांगतो आणि नागपूरच्या रुग्णाने कोणती वाट धरावी

घरात कर्करोगाचा रुग्ण असला, लहान मुलाला औषधे चालू असूनही झटके येत असले किंवा मज्जासंस्थेच्या आजाराने कोणाचे पाय सारखे आखडत असले, की केव्हा ना केव्हा कोणीतरी गांजाच्या तेलाचा विषय काढतेच. कधी परदेशात राहणारा मुलगा फोनवर सांगतो, कधी केमोच्या वॉर्डात शेजारच्या रुग्णाचे नातेवाईक हळू आवाजात सुचवतात. पुढे चौकशी केली की त्या कुटुंबाला दोनच उत्तरे ऐकायला मिळतात. ‘सगळे बेकायदा आहे, नावही काढू नका,’ हे एक आणि ‘ऑनलाइन मागवा, घरपोच येते, कोणी विचारत नाही,’ हे दुसरे. दोन्ही उत्तरे अर्धवट आहेत. पहिल्यामुळे रुग्ण मिळू शकणाऱ्या आरामालाही मुकतो आणि दुसऱ्यामुळे आधीच खचलेल्या घरावर फौजदारी खटल्याचे संकट येऊ शकते.

नागपूर आणि आसपासच्या कुटुंबांनी कायद्याच्या आत राहून काय करावे, हे पुढे क्रमाने सांगितले आहे. भारतीय कायद्याने वैद्यकीय उपयोगासाठी एक अरुंद वाट ठेवली आहे आणि ती डॉक्टरांच्या किंवा वैद्यांच्या चिठ्ठीतून व परवान्याच्या कागदांतून जाते. मात्र त्या वाटेला लागण्यापूर्वी, कायद्याने आजच खुला असलेला वेदनाशमनाचा उपचार आपल्या रुग्णाला पुरेपूर मिळतो आहे की नाही, हे पाहणे माझ्या मते सर्वांत निकडीचे आहे.

कायदा नेमके काय बंद करतो

या विषयाला मुख्यतः लागू होतो तो १९८५ चा गुंगीकारक औषधी द्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम. वकील, पोलीस आणि वर्तमानपत्रे त्याला एनडीपीएस कायदा म्हणतात. त्याच्या कलम २ मध्ये ‘कॅनाबिस’ या नावाखाली तीन गोष्टी येतात: चरस, म्हणजे झाडाची राळ आणि तिच्यापासून केलेले हशिश तेल, गांजा, म्हणजे झाडाचे फुलोरा किंवा फळे आलेले शेंडे, आणि या दोहोंचे कोणतेही मिश्रण किंवा पेय. शेंड्यांपासून वेगळी असलेली पाने आणि बिया मात्र गांजाच्या व्याख्येतून वगळल्या आहेत. आयुर्वेदातील विजया, म्हणजे गांजाची पाने, आणि बाजारातील हेम्प सीड तेल, म्हणजे त्याच झाडाच्या बियांचे तेल, हे दोन्ही या एका अपवादाच्या आधारावर उभे आहेत, म्हणून तो नीट लक्षात ठेवावा.

कलम ८ या पदार्थांवर बंदी घालते, परंतु त्याच कलमात वैद्यकीय किंवा वैज्ञानिक प्रयोजनासाठी, अधिनियम, नियम आणि परवाना यांनी ठरवून दिलेल्या मर्यादेत, मोकळीकही ठेवली आहे. कलम १० ने चरस वगळता गांजाची लागवड, उत्पादन, वाहतूक आणि विक्री यांना परवानगी देण्याचा व त्यांचे नियमन करण्याचा अधिकार राज्य सरकारांना दिला आहे. म्हणजे वैद्यकीय उपयोगाची कल्पना कायद्याला परकी नाही. अडचण अशी, की रुग्णाने चिठ्ठी दाखवावी आणि सरकारमान्य दुकानातून गांजाचे तेल घ्यावे, अशी व्यवस्था महाराष्ट्रात उभीच राहिलेली नाही. अमेरिकेतील काही राज्यांत रुग्णांना जसे कार्ड मिळते तसे कार्ड भारतात नाही. ते काढून देतो म्हणून कोणी पैसे मागत असेल, तर ती सरळ फसवणूक समजावी.

शिक्षा पदार्थाच्या वजनावर ठरते. गांजासाठी १ किलोहून कमी प्रमाण ‘अल्प’ आणि २० किलोहून अधिक ‘व्यापारी’ मानले जाते. चरसासाठी हेच आकडे १०० ग्रॅम आणि १ किलो असे आहेत. अल्प प्रमाणासाठी १ वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, मधल्या प्रमाणासाठी १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड, आणि व्यापारी प्रमाणासाठी किमान १० ते कमाल २० वर्षे, अशी तरतूद कलम २० मध्ये आहे. घरामागच्या अंगणात एक रोप लावणे हीसुद्धा लागवडच आहे आणि तिला १० वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. केवळ सेवनासाठी कलम २७ खाली ६ महिन्यांपर्यंत शिक्षा किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. या कायद्याखालील सर्व गुन्हे अजामीनपात्र आहेत, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटले आहे, आणि नागपूर खंडपीठ त्याच न्यायालयाचे असल्याने ते आपल्यालाही लागू पडते. ‘थोडेसेच होते’ असे म्हणून लगेच घरी परतता येईल, या भरवशावर कोणी राहू नये. ‘मी रुग्ण आहे’ हाही या कायद्यात आपोआप मिळणारा बचाव नाही. जामिनाच्या किंवा शिक्षेच्या वेळी न्यायालय आजार विचारात घेऊ शकते, इतकेच.

भांगेविषयी नागपुरात विशेष गैरसमज आहे. पानांचा पदार्थ केंद्राच्या कायद्यातून सुटतो हे खरे, पण महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ भांगेलाही मादक द्रव्यांत धरतो आणि परवान्याशिवाय ती बाळगणे किंवा विकणे गुन्हा ठरवतो. मध्य प्रदेशात भांगेची परवानाधारक दुकाने आहेत, म्हणून सौंसरकडून किंवा खवासा ओलांडून येताना ‘तिकडे तर कायदेशीर आहे’ असे समजून गोळ्या आणल्या जातात. राज्याची सीमा ओलांडताच त्या मोकळिकीचा उपयोग संपतो.

आधी लक्षण लिहून काढावे, मग औषधाचे नाव घ्यावे

डॉक्टरांपुढे बसून थेट ‘गांजाचे तेल चालेल का’ असे विचारले, की बहुतेक वेळा संभाषण तिथेच थांबते. त्याऐवजी एक साधी दोनशे पानी वही घ्यावी आणि किमान आठवडाभर रोज चार रकाने भरावेत: वेळ, त्रास काय झाला, ० ते १० मध्ये तो किती होता, आणि त्याआधी कोणते औषध किती वाजता घेतले होते. पहाटे ३ वाजता वेदना ८ आणि रात्रीची गोळी ९ वाजताची, अशी नोंद सलग पाच दिवस दिसली, तर गोळीचा अंमल सहा तासांत उतरतो आणि मात्रेची वेळ बदलायला हवी, हे डॉक्टरांना एका दृष्टिक्षेपात कळते. लहान मुलाच्या झटक्यांसाठी मोबाइलवर घेतलेले चित्रण आणि दिवसाची एकूण संख्या पुरते. ओपीडीच्या गर्दीत मिळणाऱ्या थोड्या मिनिटांत ही वही जे काम करते, ते कितीही कळवळून सांगितले तरी होत नाही.

मग या लक्षणावर उपलब्ध असलेले सगळे उपाय करून झाले का, हा प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारावा. केमोच्या उलट्यांसाठी ऑन्डान्सेट्रॉनखेरीज ग्रॅनिसेट्रॉन, अॅप्रेपिटंट, डेक्सामेथासोन आणि ओलांझापीन ही औषधे भारतात मिळतात. मज्जातंतूंच्या जळजळीसाठी प्रीगॅबॅलिन, गॅबापेंटिन, अॅमिट्रिप्टिलीन आणि ड्युलॉक्सेटिन आहेत. स्नायू आखडण्यासाठी बॅक्लोफेन आणि टिझॅनिडीन आहेत. औषधांना न जुमानणाऱ्या अपस्मारात, म्हणजे मिरगीत, कीटोजेनिक (खूप स्निग्ध आणि कमी पिष्टाचा) आहार आणि शस्त्रक्रियेसाठीची तपासणी हे दोन मार्ग कित्येक पालकांना ऐकूनही माहीत नसतात.

आणि मॉर्फिन. या शब्दाची भीती आपल्याकडे फार खोलवर बसलेली आहे. मॉर्फिन म्हणजे शेवट, मॉर्फिन म्हणजे व्यसन, असे घरातली मोठी माणसे समजतात, आणि रुग्ण रात्र रात्र कण्हत राहतो. कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर तोंडाने घ्यायचे मॉर्फिन हे जगभर मान्य झालेले औषध आहे, ते स्वस्त आहे आणि भारतात कायदेशीर आहे. एनडीपीएस कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती करून ‘अत्यावश्यक गुंगीकारक औषधे’ असा स्वतंत्र वर्ग निर्माण केला गेला आणि २०१५ मध्ये मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, हायड्रोकोडोन आणि कोडीन ही सहा औषधे त्यात आली. पूर्वी एका गोळीसाठी रुग्णालयाला अनेक खात्यांचे परवाने गोळा करावे लागत. आता राज्याच्या औषध नियंत्रकाने, म्हणजे आपल्याकडे अन्न व औषध प्रशासनाने, एकदा मान्यता दिली की ते रुग्णालय ही औषधे ठेवू आणि देऊ शकते. त्यासाठी तिथे वेदनाशमनाचे प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर असावा लागतो. गांजा या यादीत नाही. परंतु ज्या वेदनेसाठी लोक गांजाच्या मागे धावतात, त्यातील बरीच वेदना या यादीतील औषधांनी आटोक्यात येते.

नागपुरात ही चौकशी करायला ठिकाणे आहेत. मेडिकल आणि मेयो ही दोन शासकीय रुग्णालये, मिहानमधील एम्स, राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आणि जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था येथे दोनच प्रश्न विचारावेत: वेदनाशमनाची किंवा उपशामक सेवेची ओपीडी कोणत्या दिवशी असते, आणि तोंडाने घ्यायचे मॉर्फिन येथे मिळते का. नसेल तर जवळ कुठे मिळते, हेही तिथेच विचारावे. हे औषध नेहमीच्या औषधाच्या दुकानात सहसा मिळत नाही, म्हणून दुकानदाराने मान हलवली की ‘मिळतच नाही’ असा निष्कर्ष काढू नये. मिळाल्यावर चिठ्ठीची प्रत गोळ्यांच्या पाकिटासोबतच ठेवावी आणि उरलेल्या गोळ्या रुग्णालयात परत कराव्यात. मॉर्फिनसोबत बद्धकोष्ठाचे औषध पहिल्या दिवसापासून मागून घ्यावे. ते न दिल्याने त्रस्त होऊन मॉर्फिनच सोडून देणारे रुग्ण पुष्कळ असतात.

गांजातील द्रव्यांनी खरोखर काय साधते

गांजाच्या झाडात दोन द्रव्ये महत्त्वाची आहेत. टीएचसीने नशा येते आणि काही प्रमाणात मळमळ व वेदना कमी होते. सीबीडीने नशा येत नाही, पण ठरावीक प्रकारच्या अपस्मारात उपयोग होतो. ज्या १९८५ साली आपल्याकडे एनडीपीएस कायदा आला, त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने टीएचसीवर आधारित ड्रोनाबिनॉल आणि नॅबिलोन ही दोन औषधे केमोच्या उलट्यांसाठी मान्य केली. २०१८ मध्ये त्याच प्रशासनाने शुद्ध सीबीडीचे एपिडायोलेक्स हे औषध ड्रॅव्हे आणि लेनॉक्स गॅस्टॉ या बालपणीच्या दोन कठीण अपस्मारांसाठी मान्य केले. ड्रॅव्हेच्या १२० रुग्णांवरील चाचणीत सीबीडी घेणाऱ्यांचे महिन्याचे झटके १२.४ वरून ५.९ वर आले, तर औषध नसलेले नुसते द्रावण घेणाऱ्यांचे १४.९ वरून १४.१ पर्यंतच उतरले. त्या मुलांच्या आईवडिलांसाठी हा फरक किती मोठा आहे, हे आकड्यांवरूनही जाणवते. बहुविध स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारातील स्नायूंच्या आखडण्यावर टीएचसी आणि सीबीडी एकत्र असलेला फवारा काही देशांत दिला जातो.

यापलीकडचे दावे सावधपणे ऐकावेत. गांजाच्या तेलाने माणसातील कर्करोग बरा होतो, याला पुरावा नाही. या एका समजुतीपायी शस्त्रक्रिया किंवा केमो पुढे ढकलणाऱ्या कुटुंबांना कळकळीने सांगावेसे वाटते, की गाठीची पहिली अवस्था वाट पाहत थांबत नाही. जुनाट दुखण्यातही पुरावा कमजोर आहे, आणि २०१९ मध्ये ब्रिटनच्या आरोग्य मार्गदर्शक संस्थेने प्रौढांच्या जुनाट वेदनेसाठी टीएचसी असलेली औषधे देऊ नयेत असे सुचवले.

ही द्रव्ये इतर औषधांशी झगडतात, हेही ध्यानात असू द्यावे. सीबीडीमुळे क्लोबाझाम या झटक्यांवरच्या औषधाचा अंमल वाढून मूल गुंगीत जाऊ शकते, व्हॅल्प्रोएट या झटक्यांवरच्याच दुसऱ्या औषधासोबत यकृताची एन्झाइम्स चढू शकतात आणि वॉरफरिन घेणाऱ्याचे रक्त अधिक पातळ होऊ शकते. घरात किंवा जवळच्या नात्यात मनोविकाराचा इतिहास असेल, हृदयविकार असेल किंवा रुग्ण गरोदर असेल, तर टीएचसीपासून दूरच राहावे.

विजया: आज कायद्याने मिळणारी आयुर्वेदिक वाट

आयुर्वेदात गांजाच्या पानाला विजया म्हणतात, आणि जातीफलादि चूर्णासारख्या शास्त्रोक्त पाठांत ती आहे. औषधे नियम, १९४५ च्या अनुसूची ‘ई १’ मध्ये, म्हणजे आयुर्वेदातील विषारी द्रव्यांच्या यादीत, भांग आणि गांजा यांची नोंद आहे. त्यामुळे असे औषध परवानाधारक कारखान्यातच बनवता येते आणि पोटात घ्यायच्या औषधाच्या वेष्टनावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ अशा अर्थाची सूचना इंग्रजी आणि हिंदी दोन्ही भाषांत असावी लागते. आज भारतात विजयेच्या अर्काची तेले आणि वट्या विकल्या जातात, त्या या चौकटीत.

येथे दोन पथ्ये पाळावीत. पहिले, वैद्य प्रत्यक्ष गाठावा. सक्करदऱ्याचे शासकीय आयुर्वेद महाविद्यालय व रुग्णालय हे सुरुवातीचे चांगले ठिकाण आहे. खाजगी वैद्याकडे गेल्यास चिठ्ठीवर त्यांचा महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनचा नोंदणी क्रमांक, रुग्णाचे नाव, निदान, मात्रा आणि किती दिवसांसाठी हे सगळे लिहून घ्यावे. कंपनीनेच फोनवर गाठून दिलेला डॉक्टर पाच मिनिटांत चिठ्ठी पाठवत असेल, तर त्याने आपली चालू औषधे विचारली का, एवढे तरी पाहावे. विचारली नसतील तर ते तेल घेऊ नये.

दुसरे, बाटली उजेडात धरून वाचावी. पुढच्या बाजूचे हिरवे पान आणि ‘नैसर्गिक’ हा शब्द यांना काही अर्थ नाही. बाटली फिरवून मागच्या बाजूचा बारीक मजकूर पाहावा. तिथे आयुर्वेदिक औषध असल्याचा उल्लेख, उत्पादन परवान्याचा क्रमांक, कारखान्याचा पूर्ण पत्ता, बॅच क्रमांक, मुदत, विजयेचे प्रमाण आणि वर सांगितलेली सूचना असायला हवी. नंतर त्या बॅचचा प्रयोगशाळेचा अहवाल मागावा आणि त्यात दर मिलिलिटरला टीएचसी किती व सीबीडी किती, हे दोन आकडे शोधावेत. ‘विजया अर्क ५००० मिलिग्रॅम’ या लिखाणाने यातले काहीच कळत नाही, कारण अर्क म्हणजे सीबीडी नव्हे. शिवाय टीएचसी हे द्रव्य एनडीपीएस कायद्याच्या अनुसूचीत स्वतंत्रपणे नमूद आहे. म्हणून केवळ ‘पानापासून काढले’ या एका वाक्याच्या भरवशावर जास्त टीएचसीचे तेल निर्धास्तपणे बाळगता येईल, असे समजू नये. कंपनीचा पानांच्या पुरवठ्याचा आणि उत्पादनाचा परवाना लेखी मागावा. प्रामाणिक उत्पादकाला तो देण्यात अडचण नसते.

मात्रेचे गणितही मांडून पाहावे. अपस्माराच्या चाचण्यांत सीबीडी दर किलो वजनामागे दिवसाला १० ते २० मिलिग्रॅम दिले गेले. समजा मूल २० किलोचे आहे. १० च्या हिशेबानेही त्याला रोज २०० मिलिग्रॅम लागेल. बाटलीत एकूण १००० मिलिग्रॅम सीबीडी असेल, तर ती पाच दिवसांत संपेल. हे गणित वैद्यांसमोर आणि मेंदूविकारतज्ज्ञांसमोर ठेवावे आणि मगच खर्चाचा विचार करावा. किराणा आणि आरोग्य उत्पादनांच्या दुकानात मिळणारे हेम्प सीड तेल तर या हिशेबात बसतच नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२१ मध्ये हेम्पच्या बिया आणि त्यांचे तेल अन्न म्हणून मान्य करताना सीबीडीची मर्यादा किलोला ७५ मिलिग्रॅम ठेवली. म्हणजे २०० मिलिग्रॅमसाठी त्या मुलाला रोज अडीच किलोहून अधिक तेल प्यावे लागेल. ते तेल पौष्टिक आहे, औषध नाही.

कर्करोग किंवा अपस्मार बरा करण्याची जाहिरात १९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाने प्रतिबंधित केली आहे. तसा दावा दिसल्यास पडद्याचे चित्र (स्क्रीनशॉट) जतन करून अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार द्यावी. पुढच्या कुटुंबाचे पैसे आणि वेळ त्यामुळे वाचू शकतात.

परदेशातील औषध कायदेशीरपणे मागवायचे असेल तर

भारतात मान्य नसलेले औषध स्वतःच्या उपयोगासाठी थोड्या प्रमाणात आणण्याची सोय औषधे नियमांच्या नियम ३६ मध्ये आहे. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेकडे फॉर्म १२ ए मध्ये अर्ज करावा लागतो आणि परवानगी फॉर्म १२ बी मध्ये मिळते. साधारण १०० सरासरी मात्रांपर्यंतची ही सोय आहे. अर्ज संघटनेच्या ‘सुगम’ या संकेतस्थळावरून होतो. सोबत तज्ज्ञ डॉक्टरांची चिठ्ठी, निदानाचे कागद, आजवर दिलेल्या आणि निष्फळ ठरलेल्या औषधांची तारखांसह यादी आणि रुग्णाचे ओळखपत्र जोडावे. वर सांगितलेली वही या वेळी पुन्हा उपयोगी पडते. जीवघेण्या आजारासाठी रुग्णालयालाच अर्ज करायचा असेल, तर २०१९ च्या नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचणी नियमांत सीटी २४ हा नमुना आहे.

गांजाजन्य औषधाला आणखी एक टप्पा लागू शकतो. त्यातील द्रव्य एनडीपीएस कायद्याच्या कक्षेत येत असेल, तर ग्वाल्हेरला मुख्यालय असलेल्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोचे आयात प्रमाणपत्र हवे. म्हणून परदेशी विक्रेत्याला पैसे पाठवण्यापूर्वी दोन्ही ठिकाणी लेखी विचारणा करावी आणि उत्तर हाती येईपर्यंत थांबावे. हे थकवणारे काम आहे, आणि आजारी मूल घरात असताना ते आईवडिलांनाच करावे लागते, हा आपल्या व्यवस्थेचा मोठा दोष आहे. तरीही खात्रीशीर शुद्धतेचे औषध हाती येण्याचा हा सरळ मार्ग आहे.

चिकित्सालयीन चाचणीत सहभाग हा आणखी एक पर्याय आहे. भारतातील चाचण्यांची नोंद क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियावर कोणालाही पाहता येते. तिथे ‘विजया’ आणि ‘कॅनाबिस’ हे शब्द टाकून शोधावे. चाचणीतील औषधासाठी रुग्णाकडून पैसे मागितले गेले, तर ती चाचणी नाही, विक्री आहे, असे धरून चालावे.

या चुका टाळाव्यात

अमेरिकेतल्या किंवा थायलंडमधल्या नातेवाइकांनी कुरिअरने तेल किंवा गोळ्या पाठवू नयेत, आणि येताना सामानातही आणू नयेत. तिथे त्या काही ठिकाणी कायद्याने मिळतात, पण भारतात आणणे ही कलम २३ खालची आयात ठरू शकते आणि पाकिटावर नाव ज्याचे, जबाबदारी त्याची. नागपूरला आखाती देशांतील विमानतळांवरून येणाऱ्यांनी तर अधिकच जपावे, कारण तिथले कायदे फार कडक आहेत. ओडिशा आणि आंध्रकडून येणाऱ्या गाड्यांमुळे नागपूर रेल्वे स्थानकावर गांजासाठी तपासणी नेहमी चालते. कोणाचेही ‘औषधाचे’ बोचके आपल्या सामानात ठेवून घेऊ नये.

पानठेल्यावरचा गांजा रुग्णाला देणे कायद्याने गुन्हा आहेच, शिवाय वैद्यकीय दृष्ट्याही घातक आहे. त्यात किती टीएचसी आहे, बुरशी आहे का, कशाची भेसळ आहे, हे कोणालाच सांगता येत नाही. केमोने प्रतिकारशक्ती उतरलेल्या रुग्णाच्या फुप्फुसात बुरशी जाणे जिवावर बेतू शकते. पोटातून घेतलेल्या पदार्थाचा अंमल चढायला एक ते दोन तास किंवा अधिकही लागतात. ‘काहीच झाले नाही’ म्हणून दुसरी मात्रा दिली जाते आणि मग दोन्ही एकदम चढतात. तसे झाल्यास, रुग्ण बरळत असल्यास, छातीत धडधड वाढल्यास किंवा लहान मुलाने चुकून खाल्ल्यास रुग्णालयात न्यावे आणि काय दिले ते डॉक्टरांना जसेच्या तसे सांगावे. सत्य लपवल्याने चुकीच्या तपासण्यांत मोलाचा वेळ जातो.

पोलिसांची चौकशी आलीच, तर बाटली, चिठ्ठी आणि बिल एकत्र दाखवावे. म्हणून हे तिन्ही नेहमी एकाच पिशवीत असावेत. अंगझडती राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर व्हावी, अशी मागणी करण्याचा हक्क कलम ५० ने दिला आहे आणि स्त्रीची झडती स्त्रीनेच घ्यायची असते. पंचनामा वाचल्याशिवाय सही करू नये, कोऱ्या कागदावर तर कधीच नाही. अटक झाल्यास २४ तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर केले जाते. तिथे आजार आणि चालू औषधे स्पष्ट सांगावीत. वकील परवडत नसेल, तर नागपूर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा १५१०० या क्रमांकावर संपर्क करावा. कोठडीतील व्यक्ती, स्त्रिया आणि दिव्यांग यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. वेदनेपायी घेता घेता सवय जडली असेल, तर कलम ६४ ए उपचारासाठी स्वतःहून पुढे येणाऱ्याला सेवनाच्या आणि अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण देते; १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय मदतवाहिनी आहे.

आपली गरज सरकारपुढे कशी मांडावी

डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अंमली पदार्थ आयोगाने गांजाला सर्वांत कडक अनुसूचीतून काढले, तेव्हा भारताने त्या बाजूने मत दिले. उत्तराखंडने २०१८ मध्ये कमी टीएचसीच्या हेम्प लागवडीला परवाना दिला. महाराष्ट्राला कलम १० खाली नियम करण्यापासून केंद्राचा कायदा अडवत नाही. रुग्णांची गरज मात्र कागदावर येत नाही, कारण प्रत्येक घर ती लपवून ठेवते, आणि ती लपवण्यामागची भीती समजण्यासारखी आहे. अर्ज करताना कोणी गांजा वापरत असल्याचे लिहिण्याची गरज नाही. निदान, निष्फळ ठरलेले उपचार आणि तज्ज्ञांचे मत एवढे पुरेसे आहे.

पहिले पाऊल माहिती अधिकाराचे ठेवावे. १० रुपये शुल्क भरून राज्य उत्पादन शुल्क विभागाला विचारावे, की औषधनिर्मितीसाठी भांगेच्या पानांचे परवाने कोणत्या नियमाखाली आणि किती दिले गेले; अन्न व औषध प्रशासनाला विचारावे, की नागपूर विभागात मॉर्फिनसाठी मान्यताप्राप्त रुग्णालये कोणती. उत्तर साधारणपणे ३० दिवसांत मिळायला हवे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तर पुढच्या आठवड्यात कोणाच्या तरी कामी येईल, म्हणून ते ओळखीच्या रुग्णांपर्यंत जरूर पोचवावे.

हाती आलेल्या उत्तरांच्या आधारे, एका आजाराच्या काही कुटुंबांनी मिळून आणि एखाद्या तज्ज्ञ डॉक्टरांचे पत्र जोडून निवेदन तयार करावे. हिवाळी अधिवेशन नागपुरात भरते, तेव्हा आपल्या आमदारांना ते हाती देणे आणि विधिमंडळाच्या विनंती अर्ज समितीकडे पाठवणे इथल्या माणसाला सोपे आहे. निवेदनात मागणी एकच आणि नेमकी ठेवावी: अमुक निदानाच्या मुलांसाठी शासकीय रुग्णालयामार्फत शुद्ध सीबीडी मिळावे, अशी. ‘गांजा खुला करा’ असे लिहिले की चर्चा नशेवर जाते आणि मूल मागे राहते. एखाद्या रुग्णाची गरज खरोखर तातडीची असेल आणि संबंधित खात्याने लेखी नकार दिला असेल किंवा वाजवी मुदतीत उत्तरच दिले नसेल, तर घटनेच्या अनुच्छेद २२६ खाली नागपूर खंडपीठात याचिका दाखल करता येते. तिथे सर्वांत आधी अर्जाची पोच मागितली जाईल, म्हणून प्रत्येक अर्ज दोन प्रतींत न्यावा आणि आवक शिक्का, क्रमांक व तारीख असलेली प्रत हातात घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.